लोककला आणि सजावटी रंगकाम शिकवणारी पुस्तकं: कोणती घ्यावीत, कशी वापरावीत?

रंगपेटी_कोथरूड

नमस्कार मंडळी. गणपतीला अजून अडीच महिने आहेत. तोवर १५ इंचाचा लाकडी चौरंग आणि १२ बाय १६ इंचाचा एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा) ट्रे रंगवून व्हायला हवा. क्लास लावणं शक्य नाही, त्यामुळे पुस्तकावरूनच शिकायचं आहे. जुन्या पुस्तकांत एक अमेरिकन पुस्तक मिळालं आहे. त्यात पानंफुलं, वेलबुट्ट्या, पेट्या, ट्रे असे बारा नमुने आहेत. अडचणी अशा: रंगांची नावं तिकडच्या कंपनीची आहेत आणि इथे त्या नावाची बाटली मिळत नाही. नमुन्याखाली "१५४ टक्के मोठा करा" असं छापलंय, ते कशाच्या हिशेबाने? ब्रश इंचात दिलेत, आपल्याकडे नंबर असतात. आणि पाकळीच्या कडेला सावली द्यायला "फ्लोट" करा म्हणतात, तिथे मऊ सावलीऐवजी कडक रेघ उमटते.

दुसरा प्रश्न पुस्तकांचाच. वारली, मधुबनी, चित्रकथी यांवर दुकानात बरंच काही दिसतं. त्यातलं खरोखर शिकवणारं कोणतं, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

वेलबुट्टी

ओळखायची खूण सांगते. पुस्तक उघडल्यावर आधी तयार वस्तूंचे फोटो पाहू नका, "वर्कशीट"चं पान शोधा. एकच फूल किंवा एकच पान तीन-चार टप्प्यांत रंगवून दाखवलेलं असतं: आधी सपाट रंग, मग सावली, मग उजेड, शेवटी बारीक रेघा. प्रत्येक टप्प्याशेजारी ब्रश आणि रंग लिहिलेला हवा. असं पान प्रत्येक नमुन्याला असेल तर पुस्तक शिकवणारं आहे. नुसता तयार ट्रेचा मोठा फोटो आणि खाली दोन परिच्छेद मजकूर असेल, तर तो नमुन्यांचा संग्रह झाला. ज्याचा हात बसलेला आहे त्याला तो उपयोगी. नवशिक्याने त्यावर पैसे घालू नयेत.

मग रंगांची यादी मोजा. एका ट्रेसाठी वीस-बावीस बाटल्या मागणारं पुस्तक त्या कंपनीचे रंग खपवण्यासाठी लिहिलेलं असतं. आठ-दहा रंगांत काम भागवणारं, किंवा कोणत्या रंगात किती काय मिसळायचं ते भागांत सांगणारं पुस्तक जास्त शिकवतं. जुनं पुस्तक घेताना शेवटचा पुठ्ठा उलटून बघा. अनेक पुस्तकांत पूर्ण मापाचे नमुने मागे घडी घातलेल्या मोठ्या कागदावर असतात आणि जुन्या प्रतीतून नेमका तोच कागद गेलेला असतो. तो नसेल तर बाकी पुस्तक अर्धंच राहतं. बांधणी सपाट उघडी राहणारी हवी, कारण दोन्ही हात ओले असतात.

आता टक्क्यांचं. १५४ टक्के हा त्यांच्या वस्तूचा हिशेब आहे, तुमच्या चौरंगाचा नाही. छापील नमुना फूटपट्टीने मोजा. समजा तो साडेसहा इंच आहे. त्यांना तो १० इंच हवा होता, म्हणून १० भागिले ६.५, म्हणजे १५४ टक्के. तुमच्या १५ इंची चौरंगावर चारी बाजूंना दीड इंच मोकळी सोडली तर नमुना १२ इंचांचा हवा. १२ भागिले ६.५, म्हणजे १८५ टक्के. झेरॉक्सवाल्याला हाच आकडा सांगा आणि दोन ए-३ कागदांवर जोडून काढायला सांगा, १२ इंची चौकोन एका ए-३ च्या ११.७ इंच रुंदीतही मावणार नाही. मशीन २०० टक्क्यांच्या पुढे जात नसेल आणि तुम्हाला २४० हवे असतील, तर दोनदा १५५ करा, २४० येतात.

मोठं केल्यावर रेघाही जाड होतात, तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. जाड रेघेच्या बाहेरच्या कडेने ट्रेस केलं की प्रत्येक पाकळी दीड-दोन मिलिमीटरने फुगते आणि फुलं एकमेकांवर चढतात. ट्रेसिंग पेपरवर कडक पेन्सिलीने रेघेच्या मधोमध चाला. नमुना वाढला की ब्रशही वाढवा. पुस्तकात अर्धा इंची सपाट ब्रश असेल आणि नमुना त्यांच्यापेक्षा १.२ पट झाला असेल, तर १५-१६ मिलिमीटरचा घ्या. लहान ब्रशने मोठी पाकळी भरायला गेलं की मधे जोड दिसतो.

ब्रशच्या नंबरावर भरवसा ठेवू नका, दर कंपनीचा नंबर वेगळा. दुकानात छोटी पट्टी न्या आणि पत्र्याच्या टोपीशी केसांची रुंदी मोजा. पाव इंच म्हणजे ६ मिमी, अर्धा म्हणजे साधारण १३, पाऊण म्हणजे १९. सिंथेटिक केसांचेच घ्या. अॅक्रिलिकमध्ये नैसर्गिक केस पाणी पितात, मऊ पडतात आणि कड धरत नाहीत. सुरुवातीला ६ आणि १३ मिमीचे दोन सपाट, ४ नंबरचा एक गोल आणि बारीक रेघांसाठी लांब केसांचा एक लायनर पुरे.

गडदनिळा

रंगांबद्दल. बाटलीवरचं नाव सोडून द्या, रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक बघा. आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूबवर तो बहुतेक वेळा छापलेला असतो आणि जगभर एकच असतो: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४२ पिवळा ऑक्साईड (यलो ऑकरचा रंग), पीआर १०१ लाल ऑक्साईड, पीबीआर ७ अंबर, पीडब्ल्यू ६ टायटॅनियम पांढरा. पुस्तकातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या शेडची माहिती सापडली तर क्रमांक जुळवून इथली ट्यूब घ्या. नाही सापडली तरी अडत नाही. युरोपातल्या लोकचित्रशैलींचे जुने रंग बरेचसे मातीचेच होते. जर्मनी-ऑस्ट्रियातली कपाटं आणि पेटारे असोत की नॉर्वेचं रोझमालिंग (लाकडावरची फुलापानांची रंगकला), त्यांची पुस्तकं पांढरा, काळा, यलो ऑकर, लाल ऑक्साईड, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन आणि एक झगझगीत लाल एवढ्यात बहुतांश निघतात.

दोन मिश्रणं सतत लागतात. जुनाट निळा हवा तर पांढरा चार भाग, अल्ट्रामरीन एक भाग आणि बर्न्ट अंबर चिमूटभर. शेवाळी हिरवा हवा तर यलो ऑकर पाच भाग आणि काळा एक भाग. निळा लागत नाही, काळ्यातला थंडपणा पिवळ्याला हिरवा करतो. काळा थेंबाथेंबाने घाला, तो फार लवकर चढतो. अॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतं, म्हणून ओल्यात एक पायरी फिकट ठेवा आणि कागदावर पट्टा ओढून पूर्ण वाळल्यावरच ठरवा. छापील पुस्तकातला रंग हा शाईचा रंग आहे. त्याच्याशी तंतोतंत जुळवत बसू नका. गडद-फिकटाचा उतार जुळला की नमुना बसतो. ट्रेच्या जमिनीचा (पार्श्वभूमीचा) रंग एकदाच पुरेसा कालवा. १२ बाय १६ ला दोन हात द्यायचे तर २५ ते ३० मिली लागतो. मधेच संपला तर तोच रंग पुन्हा जमत नाही. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

फ्लोटची कडक रेघ दोन कारणांनी येते आणि दोन्ही ब्रश भरण्यातच असतात. सपाट ब्रश पाण्यात बुडवून कापडावर टेका, केसांवरची चकाकी जाईपर्यंतच. फक्त एक कोपरा रंगात बुडवा, रुंदीच्या चौथ्या हिश्श्याइतका. मग पॅलेटवर एकाच जागी, इंच-दीड इंचाच्या पट्ट्यात, मागेपुढे सात-आठ वेळा ओढा. रंग एका कडेला गडद आणि दुसऱ्या कडेला निव्वळ पाणी दिसला पाहिजे. पाण्याच्या बाजूला रेघ आली तर रंग ब्रशभर पसरलाय: ब्रश धुऊन पुन्हा भरा, पुसून सुधारत नाही. रंगाची धारच डबक्यासारखी साचली तर पाणी जास्त आहे. आणि पहिला हात अर्धा ओला असताना दुसरा फिरवला तर खालचा रंग उचकटून भोक पडतं. पावसाळ्यात पुस्तकातल्या "पंधरा मिनिटांत वाळतं" वर जाऊ नका. तासभर थांबा.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत रंग ब्रशवरच वाळतो, दोन रंग एकमेकांत मिसळतच नाहीत. तेव्हा रिटार्डर (रंगाचं वाळणं लांबवणारं द्रव्य) वापरावा, पण बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. जास्त झालं की थर आतून चिकट राहतो आणि वरचं व्हार्निश सुरकुततं.

गेरूचुना

वरचं सगळं पाश्चात्त्य पद्धतीच्या पुस्तकांना लागू आहे. आपल्याकडच्या शैलींना तीच कसोटी जशीच्या तशी लावू नका, असं माझं मत आहे. वारलीत सावली-उजेड नाही, त्यामुळे चार टप्प्यांचं वर्कशीट तिथे फारसं काही सांगत नाही. वारलीच्या पुस्तकात बघायचं ते हे: माणसाचं धड दोन त्रिकोणांनी, टोकाला टोक लावून कसं उभं राहतं, कमरेतला वाक कुठून येतो, धावणारा, ओणवा, ओझं वाहणारा, तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा माणूस कोणत्या क्रमाने काढायचा. ज्या पुस्तकात सगळी माणसं एकाच पोझमध्ये शिक्के मारल्यासारखी आहेत ते खाली ठेवा. लाल-हिरवी-निळी वारली दाखवणारंही शिकण्यासाठी नको. मूळ चित्र गेरूच्या किंवा शेणाच्या सारवणावर पांढऱ्या तांदळाच्या पिठीचं. त्यातला जोर त्या एका पांढऱ्यातूनच येतो.

आणखी एक गोष्ट पुस्तकात असायलाच हवी. लग्नचौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढलेला चौकोन, हा सुटा अलंकार नव्हे. चौकात पालघाट देवी (वारल्यांची मातृदेवता) असते आणि तो लग्नाच्या विधीचा भाग म्हणून सुवासिनी काढतात. जे पुस्तक चौक ट्रेच्या किनारीला वापरायला सांगतं आणि हे सांगत नाही, त्याच्या बाकी माहितीवरही मी विश्वास ठेवणार नाही. ट्रेसाठी शेतीची, झाडांची, तारपा नाचाची दृश्यं भरपूर आहेत.

चित्रकथीचं वेगळं. चित्रं दाखवत कथा सांगण्याची ही परंपरा कुडाळजवळच्या पिंगुळीची. तिच्यावरची पुस्तकं बहुतेक अल्बम आणि अभ्यासाची असतात, शिकवणारी नव्हेत. पण अल्बमवरूनही शिकता येतं. मोठं, स्पष्ट छापलेलं एक चित्र निवडा, त्यावर ट्रेसिंग ठेवून फक्त बाहेरच्या रेघा काढा, आकृतीची उंची किती डोक्यांची आहे ते मोजा, डोळा चेहऱ्याच्या कितव्या भागात बसतो ते लिहा. तीन-चार आकृत्यांनंतर प्रमाण हातात येतं. मधुबनीत मात्र पुस्तक काचनी आणि भरनी वेगळं करून दाखवतं का ते बघा. काचनी म्हणजे बारीक रेघांनी भरणं, भरनी म्हणजे सपाट रंगाने. दुहेरी बाह्यरेषा आणि त्यांच्यामधली आडव्या बारीक रेघांची शिडी जवळून छापलेली नसेल तर पुस्तक उपयोगाचं नाही.

मूळ काम डोळ्यांनी बघणं पुस्तकापेक्षा मोठं आहे. पुण्यात क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे वारली चित्रं बघा: रेघ कुठे जाड होते, कुठे तुटते. वेलबुट्टीसाठी राजा दिनकर केळकर संग्रहालयातली कोरीव दारं आणि दिवे बघा. सोबत वही-पेन्सिल ठेवा.

तुमच्या चौरंगासाठी गेरूची जमीन करायची असेल तर पूड गेरू चार चमचे, फेविकॉल एक चमचा आणि पाणी लागेल तसं. मलमलच्या फडक्यातून गाळा, नाहीतर खडे रेघा पाडतात. वाळल्यावर बोटाने घासा. बोट लाल झालं तर फेविकॉल कमी पडलंय. चकाकी आली किंवा बारीक तडे गेले तर जास्त झालंय. त्यावर तांदळाची पिठी नको. रोज पुसायच्या वस्तूवर ती टिकत नाही आणि पावसाळ्यात तिला बुरशी येते. पांढरं अॅक्रिलिक वापरा, पण ब्रशऐवजी बांबूची काडी टोकाला ठेचून घेतली तर रेघेला खरा खडबडीतपणा येतो.

रंगपेटी_कोथरूड

फार उपयोगी पडलं, धन्यवाद. चौरंगावर गेरू आणि वारली, ट्रेवर पानंफुलं असं ठरवलं. आता तयारीचं विचारते. चौरंग सागवानी आहे, थोडा तेलकट लागतो. एमडीएफच्या कडा पाण्याचा हात लागताच फुगल्या. पुस्तकात "सीलर लावा" एवढंच आहे. आणि नमुना उतरवायला साधा कार्बन पेपर चालेल का?

टिंबरमार्केट

सीलर म्हणून लाखेचं पॉलिश सर्वांत भरवशाचं. चपडा लाख ६० ग्रॅम, स्पिरिट ५०० मिली, काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. सकाळी तळाशी गढूळ मेण बसतं. वरचं नितळ द्रावण तेवढं ओतून घ्या, मेणाचा थर आला तर वरचा रंग नीट धरत नाही. पुण्याच्या बोहरी आळीत लाख आणि स्पिरिट दोन्ही मिळतं. खिडक्या उघड्या ठेवा, गॅस बंद ठेवा, स्पिरिटची वाफ पेट घेते.

सागवानात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे अॅक्रिलिक पापुद्रा होऊन सुटतं. आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी रेषांच्या दिशेने. धूळ झटकून स्पिरिटच्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं यायचं थांबेपर्यंत. लगेच लाखेचे दोन पातळ हात द्या, मधे अर्धा तास. ४०० च्या पेपरने हलकं घासून चकाकी घालवा, त्यावर गेरू. चकाकी न घालवता लावलात तर गेरू नखाने निघेल. पाईनवुड असेल तर गाठींवर लाखेचा तिसरा हात द्यावा लागतो, नाहीतर काही महिन्यांनी राळ वर येऊन पांढऱ्या रंगात तपकिरी डाग पडतो.

एमडीएफच्या फुगलेल्या कडा पूर्ण वाळू द्या, दोन दिवस तरी. मग २२० ने सपाट करा. कडेचा भाग स्पंजासारखा पितो म्हणून तिथे लाखेचे तीन-चार हात, वरच्या पृष्ठभागावर दोन. मागची बाजूही सोडू नका. एकाच बाजूला थर बसला की पावसाळी हवेत ट्रे पन्हाळीसारखा वाकतो. स्पिरिटमधल्या लाखेत पाणी नसतं, म्हणून तंतू पुन्हा उठत नाहीत. पाण्यातला प्राइमर थेट लावलात तर पुन्हा फुगणार.

वेलबुट्टी

साधा कार्बन नको. त्यात मेण आणि शाई असते: रंग रेघेवरून सरकतो, आणि फिकट रंगातून जांभळी रेघ वर येत राहते, कितीही हात दिले तरी. ग्रॅफाइट पेपर मिळाला तर उत्तम. नाहीतर ट्रेसिंगच्या मागून ४बी पेन्सिल आडवी घासून कापसाने पसरवा. गेरूसारख्या गडद जमिनीवर तेच पांढऱ्या खडूने. ट्रेसिंग वरच्या एकाच कडेला मास्किंग टेपने चिकटवा, म्हणजे उचलून बघता येतं आणि जागचं हलत नाही. रिकाम्या बॉलपेनाने हलका दाब द्या, एमडीएफवर जोर दिलात तर खाच पडते आणि ती व्हार्निशमध्ये चमकते. आधी फक्त बाहेरच्या रेघा उतरवा. पाकळ्यांच्या आतल्या शिरा सपाट रंगाखाली जाणारच आहेत, त्या नंतर उतरवा.

ट्रेला हात लावायच्या आधी वर्कशीटच्या पानावर पारदर्शक प्लास्टिक शीट ठेवून त्यावरच ब्रश चालवा. खालच्या छापील फटकाऱ्यावर तुमचा फटकारा बसला पाहिजे. ओलं आहे तोवर ओल्या फडक्याने पुसलं की पुन्हा सुरू. स्वल्पविरामाच्या आकाराच्या फटकाऱ्यात शेपटी दुभंगत असेल तर ब्रश घाईने उचलला जातोय, किंवा रंग जाड आहे. ढवळलेल्या दह्याइतका दाट ठेवा. टोक टेकवा, दाबा, ओढताना दाब कमी करत या, शेवटी ब्रश टोकावर उभा राहू द्या आणि मग सरळ वर उचला. दर तीन-चार फटकाऱ्यांनी पॅलेटवर ब्रश फिरवून त्याचं टोक करा.

गडदनिळा

व्हार्निशचं राहिलं. रंग वाळला वाटला तरी आत ओल असते. पावसाळ्यात आठवडाभर थांबा, एरवी तीन दिवस. ग्रॅफाइटच्या उरलेल्या रेघा त्याआधीच मऊ खोडरबराने काढा, नंतर त्या कायमच्या आत राहतात. मधुबनी शैलीत टाकाने शाईच्या रेघा मारल्या असतील तर टाकाऊ तुकड्यावर व्हार्निश फिरवून शाई पसरते का ते पाहा. पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निश घ्या, ट्रेला तीन पातळ हात, चौरंगाला चार. चौरंगावर हळद-कुंकू, तेल, पाणी सगळंच सांडतं आणि साध्या अॅक्रिलिक व्हार्निशवर हळदीचा पिवळा डाग बसतो. पहिल्या हाताला पेपर लावू नका, रंग खरवडला जाईल. दुसऱ्यानंतर ६०० नंबरने हलकं घासा. डबा हलवू नका, ढवळा. हलवल्याने आलेले बुडबुडे वाळून टोचे होतात. मुसळधार पावसाच्या दिवशी लावू नका, थरात पांढुरकी धुकट येते. पंखा थेट वस्तूवर नको.

शेवटच्या हातानंतर चौरंग निदान तीन आठवडे मोकळा ठेवा. वर काही ठेवलंत की ते चिकटून रंगासकट निघतं, कारण वरून कोरडा वाटला तरी थर पूर्ण कडक झालेला नसतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने रंगकाम गणपतीच्या पाच आठवडे आधी संपायला हवं. ट्रेवर गरम कप ठेवणार असाल तर तळाला मापाची काच कापून घ्या. आणि या रंगांनी पोळपाटाच्या किंवा ताटाच्या अन्न लागणाऱ्या बाजूला काहीही काढू नका, व्हार्निश असलं तरी.

गेरूचुना

चौरंगाबद्दल एवढंच जोडतो. गेरू-फेविकॉलची जमीन पाण्याने मऊ पडते, त्यामुळे त्यावर पीयूचा पहिला हात ब्रशने घासून देऊ नका. गेरू सुटून पांढऱ्या रेघा गुलाबी होतात. रुंद मऊ ब्रशने एकाच दिशेने, एका जागेवरून एकदाच. तो पूर्ण वाळल्यावर पुढचे हात नेहमीसारखे द्या.